राज्यशास्त्राच्या वर्गातले गणित : एका वादाचा आढावा

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला गणित किती यायला हवे, हा प्रश्न अमेरिकी विद्यापीठांत साठ वर्षांहून अधिक काळ गाजतो आहे. तिथल्या अनेक विभागांत पीएच.डी.चे पहिले सत्र सुरू होण्याआधी नव्या विद्यार्थ्यांसाठी कलन, मॅट्रिक्स आणि संभाव्यता यांची उजळणी करून घेणारी शिबिरे भरतात. आपल्याकडे चित्र उलटे आहे. दहावीनंतर कला शाखेकडे वळलेल्या बहुतेकांचे गणित तिथेच सुटते आणि बी.ए., एम.ए. होईपर्यंत पुन्हा भेटत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने विषयांमधल्या भिंती सैल केल्यामुळे राज्यशास्त्राच्या जोडीने गणित किंवा संख्याशास्त्र घेण्याची वाट आता निदान तत्त्वतः मोकळी आहे. ती वाट वापरायची तर हा वाद कुठवर आला आहे, कोणाचे म्हणणे काय आहे आणि काय अजून सुटलेले नाही, हे ठाऊक असायला हवे.

तीन वाटा

राज्यशास्त्राच्या वर्गात गणित तीन वाटांनी येते. पहिली संख्याशास्त्राची : पाहण्या करायच्या, आकडे जमवायचे आणि त्यांतले परस्परसंबंध शोधायचे. दुसरी औपचारिक प्रतिमानाची, म्हणजे मॉडेलची. तिथे आकडे नसले तरी चालते. खेळाडू कोण, त्यांना काय हवे आहे, नियम कोणते, हे आधी लिहून काढायचे आणि त्यांतून काय निष्पन्न होते ते सिद्ध करायचे. तिसरी वाट संगणकावरच्या प्रतिरूपांची : शेकडो काल्पनिक नागरिकांना साधे नियम द्यायचे आणि त्यांच्या वागण्यातून समाजाचे कोणते चित्र उभे राहते ते पाहायचे. टॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये दाखवले की शेजारी आपल्यासारखे लोक थोडे तरी असावेत, एवढीच माफक इच्छा सगळ्यांची असली तरी वस्त्या पूर्ण विभागल्या जाऊ शकतात. पटावर दोन प्रकारची नाणी मांडून हा प्रयोग कोणत्याही वर्गात करता येतो.

या तिन्ही गोष्टींना सरसकट ‘आकडेमोड’ म्हटल्यामुळे चर्चेत पुष्कळ गोंधळ होतो. पाहणीशास्त्राला आज फारसा विरोध उरलेला नाही. दिल्लीच्या सीएसडीएसने १९६० च्या दशकात सुरू केलेली आणि पुढे ‘लोकनीती’ने नेटाने चालवलेली निवडणूक अभ्यासांची परंपरा भारतीय राज्यशास्त्राने आपली मानली आहे. खरा मतभेद दुसऱ्या वाटेबद्दल आहे, म्हणून या लेखाचा भर तिच्यावर आहे.

कोंदोर्से ते रॉचेस्टर

मतदानाचे गणित फ्रेंच राज्यक्रांतीच्याही आधीचे आहे. कोंदोर्से यांनी १७८५ मध्ये दाखवले की तीन मतदार आणि तीन पर्याय एवढ्यावरही बहुमत गोल फिरू शकते : ‘अ’ हा ‘ब’ला हरवतो, ‘ब’ हा ‘क’ला आणि ‘क’ पुन्हा ‘अ’ला. प्रत्येकाची आवडनिवड सुसंगत असूनही समूहाची विसंगत निघते. पुढे हा विचार अधूनमधून कोणीतरी नव्याने शोधला, पण त्याचे शास्त्र झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. डंकन ब्लॅक यांनी १९४८ मध्ये मध्यक मतदाराचे प्रमेय मांडले : सगळे मतदार एकाच डाव्या-उजव्या रेषेवर असतील तर बरोब्बर मधल्या मतदाराला जे हवे तेच बहुमताला हवे असते. केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केले की तीन किंवा अधिक पर्याय असताना, मतदारांच्या पसंतीक्रमांवर उभी असलेली कोणतीही पद्धत न्याय्यतेच्या काही अगदी साध्या अटी एकाच वेळी पाळू शकत नाही.

ॲरो यांचे ते पुस्तक कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात सुखमय चक्रवर्तींनी आपल्या एका सहाध्यायाच्या नजरेस आणून दिले. ते सहाध्यायी अमर्त्य सेन. सेन यांचे ‘कलेक्टिव्ह चॉइस अँड सोशल वेल्फेअर’ १९७० मध्ये आले आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व भारतीय सांख्यिकी संस्था या दोन ठिकाणी सामाजिक निवडीच्या सिद्धांताची भक्कम परंपरा तयार झाली. म्हणजे मतदान, बहुमत आणि हक्क यांचे गणित भारतात पहिल्या दर्जाचे झाले, पण अर्थशास्त्राच्या घरात झाले. राज्यशास्त्राच्या विभागांपर्यंत ते फारसे पोचले नाही. मला ही आपल्या विद्यापीठीय इतिहासातली मोठी हुकलेली संधी वाटते.

दुसरा प्रवाह युद्धाच्या अभ्यासातून आला. लुई फ्राय रिचर्डसन हे ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ क्वेकर पंथाचे. पहिल्या महायुद्धात शस्त्र न उचलता त्यांनी फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात काम केले. दोन राष्ट्रांच्या शस्त्रस्पर्धेसाठी त्यांनी समीकरणांची एक जोडी मांडली. समोरच्याची शस्त्रे वाढली की आपली वाढतात, खर्चाचा भार वाढला की वेग मंदावतो आणि जुन्या तक्रारी एक कायमचा रेटा देत राहतात. भीतीची मात्रा थकव्याच्या मात्रेहून जास्त झाली की स्पर्धा आवरत नाही. १९०९ ते १९१३ या काळातल्या युरोपीय संरक्षणखर्चाला त्यांनी ही समीकरणे लावून पाहिली. त्यांचे स्वतःचे म्हणणे असे होते की माणसे थांबून विचार करत नसतील तर काय होईल, एवढेच ही समीकरणे सांगतात. प्रतिमानाची मर्यादा ते मांडणाऱ्यानेच इतकी नेमकी सांगितल्याची उदाहरणे थोडी आहेत.

या सगळ्याला अभ्यासक्रमाचे रूप दिले विल्यम रायकर यांनी. १९६२ मध्ये ते रॉचेस्टर विद्यापीठात विभागप्रमुख म्हणून आले आणि राजकीय आघाड्यांच्या सिद्धांतावरचे त्यांचे पुस्तकही त्याच वर्षी निघाले. गेम थिअरी आणि संख्याशास्त्र तिथल्या पदव्युत्तर शिक्षणाचा पाया झाले. अँथनी डाउन्स यांचे लोकशाहीचे आर्थिक विवेचन (१९५७) आणि मॅन्सर ओल्सन यांचे सामूहिक कृतीवरचे पुस्तक (१९६५) यांची जोड मिळाली. रॉचेस्टरचे विद्यार्थी इतर विद्यापीठांत गेले आणि १९८० च्या दशकापर्यंत हा पंथ अमेरिकी राज्यशास्त्राच्या मध्यभागी येऊन बसला.

एक उदाहरण : महाराष्ट्र, २०१९

प्रतिमान नेमके काय देते आणि काय देत नाही, हे पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही. २४ ऑक्टोबर २०१९ ला विधानसभेचे निकाल लागले. २८८ जागांपैकी भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. बहुमताचा आकडा १४५. लहान पक्ष व अपक्षांच्या २९ जागा क्षणभर बाजूला ठेवू.

आता जुळण्या मांडून पाहा. भाजप आणि सेना १६१, भाजप आणि राष्ट्रवादी १५९, भाजप आणि काँग्रेस १४९. तिन्हींत बहुमत आहे. भाजपला वगळून कोणतेही दोन पक्ष पुरे पडत नाहीत, पण तिघे एकत्र आले की १५४ होतात. म्हणजे भाजपसाठी सेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस या तिघांपैकी कोणीही एक पुरेसा होता आणि भाजपविना सरकार हवे तर तिघेही लागत होते. लॉइड शॅप्ली आणि मार्टिन शुबिक यांनी १९५४ मध्ये सत्तेचा एक निर्देशांक दिला. पक्ष शक्य त्या सगळ्या क्रमांनी एकामागून एक आघाडीत आले, तर कोणाच्या येण्याने बहुमत पुरे होते ते मोजायचे. तो इथे लावला की भाजपच्या वाट्याला निम्मी सत्ता येते आणि उरलेल्या तिघांना प्रत्येकी एक षष्ठांश. ५६ आमदारांची सेना आणि ४४ आमदारांची काँग्रेस यांचे सौदाबळ अगदी सारखे. जागांच्या तक्त्याकडे नुसते पाहून हे सहसा लक्षात येत नाही. चार ओळींच्या गणितातून ते स्वच्छ दिसते.

रायकर यांचे तत्त्व असे की विजयी आघाडी गरजेपुरतीच मोठी असते, कारण भागीदार वाढले की प्रत्येकाचा वाटा घटतो. ते अक्षरशः घेतले तर भाजप आणि काँग्रेस यांचे १४९ चे सरकार यायला हवे होते. महाराष्ट्रात कोणी त्याचा विचारही केला नाही. ही अडचण रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९७० मध्येच ओळखली होती. आघाडीतले पक्ष विचाराने एकमेकांच्या शेजारी असावेत अशी अट त्यांनी घातली. त्या अटीने भाजप-सेना हे उत्तर येते, तेही प्रत्यक्षात आले नाही. २३ नोव्हेंबरच्या पहाटे देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला, २६ ला ते सरकार गेले आणि २८ ला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले.

मग निर्देशांक चुकला म्हणायचा का? त्याने एवढेच सांगितले होते की सेनेपुढे दुसरे दार खरोखर आहे आणि म्हणून तिची मुख्यमंत्रिपदाची मागणी पोकळ नाही. ती त्या दारातून जाईल की नाही, हे त्याच्या कक्षेत नव्हते. त्यासाठी पंचवीस-तीस वर्षांच्या युतीतले ताण, मुख्यमंत्रिपदाच्या शब्दावरून झालेला वाद आणि माणसांचे स्वभाव वाचावे लागतात. शिवाय प्रतिमानाने पक्ष हा एकसंध खेळाडू धरला होता. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा खेळाडू आमदार होते, आणि संविधानाच्या दहाव्या परिशिष्टातल्या, म्हणजे पक्षांतरबंदीच्या, दोन-तृतीयांशाच्या तरतुदीमुळे तेव्हाच्या ५५ आमदारांपैकी ३७ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला. तोच पट, पण खेळाडू निराळे आणि नियमही निराळे. गृहीतके आधी कागदावर लिहिलेली असतील तर कोणते मोडले हे बोट ठेवून दाखवता येते. वर्गात प्रतिमान शिकवण्याचे माझ्या मते हे सर्वांत सबळ कारण आहे.

आक्षेप

आक्षेप घेणारे सगळे एका बाजूचे नाहीत. काही तर गणितीच आहेत. सॅम्युएल हंटिंग्टन यांनी १९६८ च्या पुस्तकात सामाजिक संचलन (सोशल मोबिलायझेशन), आर्थिक विकास, वैफल्य, राजकीय सहभाग आणि अस्थिरता यांची गुणोत्तरे समीकरणांसारखी मांडली होती. नील कोब्लिट्झ यांनी १९८१ मध्ये विचारले की वैफल्य कोणत्या एककात मोजायचे आणि मोजताच येत नसेल तर त्याला भागायचे कसे? १९८६-८७ मध्ये हंटिंग्टन यांचे नाव अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीसाठी पुढे आले तेव्हा येल विद्यापीठातले गणिती सर्ज लँग यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि निवड दोनदा फेटाळली गेली. हर्बर्ट सायमन यांनी हंटिंग्टन यांची बाजू घेतली. त्यांचे म्हणणे असे की नेमके मोजमाप नसले तरी ‘हे वाढले की ते वाढते’ अशा क्रमवाचक संबंधांना गणिती अर्थ देता येतो. दोन्ही बाजू वाचल्यावर मला असे दिसते की सायमन यांचा तांत्रिक मुद्दा टिकतो आणि कोब्लिट्झ यांचा इशाराही टिकतो : चिन्हे वापरल्याने वाचकावर पडणारा दबाव आणि चिन्हांनी केलेले काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. डोनाल्ड ग्रीन आणि इयन शपिरो यांनी १९९४ मध्ये विवेकनिष्ठ निवडीच्या, म्हणजे ‘रॅशनल चॉइस’च्या, साहित्याचा झाडा घेतला आणि विचारले की एवढ्या प्रमेयांतून राजकारणाबद्दल नवे, तपासून खरे ठरलेले असे किती कळले? त्यांचे ठळक उदाहरण मतदानाचे होते. डाउन्स यांच्या हिशेबाने एका मताने निकाल बदलण्याची शक्यता नगण्य, म्हणून रांगेत उभे राहण्याचा खर्च फायद्याहून जास्त. तरीही कोट्यवधी लोक मत देतात. रायकर आणि पीटर ऑर्डेशूक यांनी १९६८ मध्ये हिशेबात कर्तव्यभावनेचे समाधान मिळवले. टीकाकारांच्या मते अशी भर घालत गेले की प्रतिमान कधीच खोटे पडत नाही आणि म्हणून काहीच सांगत नाही. भारतात तर कोडे आणखी अवघड होते. १९९० च्या दशकातल्या पाहण्यांवरून योगेंद्र यादव यांनी दाखवले की इथे दलित, गरीब आणि ग्रामीण मतदार सुखवस्तू शहरी मतदाराइतक्याच किंवा अधिक उत्साहाने मत देतात. मुकुलिका बॅनर्जी यांच्या ‘व्हाय इंडिया व्होट्स?’ या २०१४ च्या पुस्तकाने याचे उत्तर निरनिराळ्या राज्यांतल्या क्षेत्रकार्यातून शोधले : प्रतिष्ठा, समानतेचा तो एक दिवस, नागरिक असल्याची जाणीव. हे उत्तर समीकरणात एका अक्षराने लिहिता येते, पण त्या अक्षरात काय भरले आहे हे समीकरण सांगत नाही.

तिसरा आक्षेप सत्तेचा, म्हणजे विद्याशाखेतल्या सत्तेचा. ऑक्टोबर २००० मध्ये ‘मिस्टर पेरेस्त्रोइका’ या टोपणनावाने निघालेल्या एका पत्राने अमेरिकी राज्यशास्त्रात खळबळ उडवली. नियतकालिके, नेमणुका आणि बढत्या यांवर संख्या आणि प्रतिमान यांची मक्तेदारी झाली आहे, भाषा शिकून एखाद्या देशात वर्षानुवर्षे राहणाऱ्या अभ्यासकाला जागा उरलेली नाही, अशी ती तक्रार होती. तिचे ठोस फळ म्हणजे २००३ मध्ये सुरू झालेले ‘पर्स्पेक्टिव्ह्ज ऑन पॉलिटिक्स’.

जुळवून घेण्याचे प्रयत्न

पुढच्या काळात भांडण निवळले, कारण प्रश्नाचे रूप बदलले. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २००१-०२ पासून सिद्धांत आणि पुरावा एकत्र शिकवणाऱ्या उन्हाळी संस्थांना पाठबळ दिले. त्यामागचा आग्रह असा की प्रतिमानातून तपासता येणारे विधान निघावे आणि आकड्यांच्या विश्लेषणामागे प्रतिमान असावे.

हे चांगले जमल्याचे उदाहरण भारतातलेच आहे. मध्यक मतदाराचे प्रमेय खरे असेल तर सरपंच स्त्री आहे की पुरुष याने कामांत फरक पडू नये, कारण दोघांनाही मधल्या मतदाराचीच मर्जी राखायची असते. निवडून आलेली व्यक्ती स्वतःच्या आवडीनिवडी सोबत आणते, असे धरणारे प्रतिमान मात्र फरक पडेल असे सांगते. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर सरपंचपदाचे आरक्षण फिरत्या, यादृच्छिक पद्धतीने ठरू लागल्याने तुलना करणे शक्य झाले. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानमधल्या उदयपूर इथल्या पंचायतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. स्त्रिया प्रमुख असलेल्या पंचायतींनी दोन्हीकडे पिण्याच्या पाण्यावर अधिक काम केले होते, आणि गावातल्या स्त्रियांची मोठी तक्रार तीच होती. दोन प्रतिमाने समोरासमोर आली आणि एक मागे पडले. स्थानिक संस्थांत ५० टक्के आरक्षण असलेल्या महाराष्ट्रात राज्यशास्त्राच्या प्रत्येक वर्गात हा अभ्यास वाचला जावा असे मला मनापासून वाटते.

तरी या समेटावर सगळे खूश नाहीत. केव्हिन क्लार्क आणि डेव्हिड प्रिमो यांनी २०१२ मध्ये लिहिले की प्रतिमाने नकाशांसारखी असतात. त्यांना खरे-खोटे ठरवण्यात अर्थ नसतो, कोणत्या कामाला उपयोगी एवढेच पाहायचे, म्हणून प्रत्येक प्रतिमानाला आकड्यांची परीक्षा लावणे गैर. दुसरीकडे स्कॉट ॲशवर्थ, क्रिस्टोफर बेरी आणि इथन ब्युनो द मेस्किता यांचे २०२१ चे पुस्तक सांगते की प्रयोगांवर आधारलेल्या नव्या संशोधनाला प्रतिमानाची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे, कारण मोजलेल्या परिणामाचा अर्थ कसा लावायचा हे प्रतिमानच ठरवते.

शिकवायचे कसे

इथे दोन पद्धती स्पष्ट दिसतात. एकीत गणित आधी, राजकारण नंतर. विल मूर आणि डेव्हिड सीगल यांचे २०१३ चे पाठ्यपुस्तक संचांपासून कलनापर्यंत सगळे शिकवते आणि उदाहरणे राज्यशास्त्रातली देते. दुसरीत प्रश्न आधी. केनेथ शेप्सली आणि मार्क बोंचेक यांचे १९९७ चे पुस्तक शाळेतल्या बीजगणितावर समित्या, निवडणुका आणि नोकरशाही समजावते. त्याहून जुने, चार्ल्स लेव्ह आणि जेम्स मार्च यांचे १९७५ चे पुस्तक तर एक सवयच लावू पाहते : एखादी वस्तुस्थिती पाहा, ती कशामुळे घडली असेल याची कल्पना करा, ती कल्पना खरी असेल तर आणखी काय दिसायला हवे ते काढा आणि जाऊन बघा. कला शाखेतून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांसाठी ही दुसरी पद्धतच मला व्यवहार्य वाटते. विधान परिषदेच्या किंवा राज्यसभेच्या पसंतीक्रमाच्या मतमोजणीत बेरीज, भागाकार आणि कोटा यापलीकडे काही लागत नाही. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातली राज्यसभेची सहावी जागा दुसऱ्या पसंतीच्या मतांनी कशी ठरली, हे एका तासात फळ्यावर मांडता येते.

पण या पद्धतीची किंमतही मान्य केली पाहिजे. बीजगणितावर थांबलेला विद्यार्थी प्रतिमाने वाचू शकतो, नवी रचू शकत नाही, आणि संशोधनाच्या दारात तो पुन्हा अडतो.

जे सुटलेले नाही

पहिला प्रश्न साधनांच्या स्थलांतराचा. अमेरिकी काँग्रेसमधल्या प्रत्येक सदस्याची भूमिका त्याच्या नोंदलेल्या मतांवरून रेषेवर ठरवण्याची पद्धत कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेंथल यांनी विकसित केली. ती तिथल्या अभ्यासक्रमाचा कणा आहे. भारतात १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर सदस्य व्हिपने बांधलेले असतात आणि पुष्कळ विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. त्या नोंदींतून आमदार-खासदाराचे मन वाचता येत नाही. त्याऐवजी काय मोजायचे, यावर एकमत नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. पदवीच्या सत्रांत गणित आले तर काहीतरी बाहेर जाणार. फुले-आंबेडकरांच्या लेखनाचे बारकाईने वाचन, संविधान सभेतल्या चर्चा, एखाद्या तालुक्यातले क्षेत्रकार्य यांपैकी काय कमी करायचे? ‘दोन्ही ठेवू’ हे उत्तर वेळापत्रकात बसत नाही.

तिसरा प्रश्न लवकरच दाराशी येईल. लोकसभेच्या जागांची राज्यांमधली वाटणी अजून १९७१ च्या लोकसंख्येवर आहे आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत ती गोठवलेली आहे. फेरवाटप झाले तर प्रत्येक राज्याच्या वाट्याला अपूर्णांक येतील आणि ते पूर्णांकात कसे आणायचे हे ठरवावे लागेल. १८८० च्या जनगणनेनंतर अमेरिकेत असे आढळले की सभागृह २९९ जागांचे असेल तर अलाबामाला ८ जागा मिळतात आणि ३०० चे केले तर ७. मायकेल बालिन्स्की आणि पेटन यंग यांनी पुढे सिद्ध केले की वाट्याच्या मर्यादेत राहणारी आणि अशा विसंगतींपासून पूर्ण मुक्त अशी पद्धत असू शकत नाही. म्हणजे कोणती विसंगती सोसायची ही निवड शेवटी राजकीयच राहते, आणि ती नीट करायला गणित आणि संघराज्याचा इतिहास दोन्ही लागतात. असा पेपर राज्यशास्त्राने शिकवायचा, अर्थशास्त्राने की गणिताने, आणि तो शिकवू शकणारा शिक्षक यांपैकी कोणत्या विभागात तयार होणार, याचे उत्तर आज आपल्याजवळ नाही.